मूल सांगायला येण्याआधी: पारलिंगी विद्यार्थ्यांसाठी शाळेचं धोरण कसं लिहावं आणि कसं राबवावं

नववीत माझ्या वर्गात एक मुलगा होता. हजेरीपटावर मात्र त्याचं नाव मुलींच्या यादीत होतं. सकाळी साडेदहाला तो शाळेत यायचा, संध्याकाळी पाचला घरी जायचा आणि मधल्या साडेसहा तासांत पाण्याच्या बाटलीला हात लावायचा नाही. मला वाटायचं, विसरत असेल. ऑगस्टमध्ये लघवीच्या जंतुसंसर्गामुळे तो चार दिवस घरी राहिला. परत आल्यावर मी बाटलीबद्दल विचारलं, तेव्हा खाली बघत म्हणाला, "बाई, पाणी प्यायलं की जावं लागतं."

मुलींच्या स्वच्छतागृहात जाणं त्याला सहन होत नव्हतं आणि मुलांच्या स्वच्छतागृहात त्याला कुणी जाऊ दिलं नसतं. आमच्या शाळेत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी बांधलेलं, आतून कडी लागणारं एक स्वच्छतागृह होतं. त्याला कुलूप होतं. आत खडूचे खोके, झाडू आणि जुने नकाशे ठेवले होते. ते कुलूप उघडायला आम्हाला तीन आठवडे लागले. कुणाच्या मनात वाईट होतं म्हणून नव्हे. हे ठरवायचं कुणी, तेच कुणाला माहीत नव्हतं. शिपाई म्हणाले मुख्याध्यापकांना विचारा, मुख्याध्यापक म्हणाले संस्थेला विचारू. तेवढे दिवस तो मुलगा तहानलेला बसत होता.

धोरण लागतं ते यासाठी. मूल पुढे येऊन बोलेल, मग आपण ठरवू, असं म्हटलं की प्रत्येक गोष्ट त्या मुलालाच मागावी लागते आणि प्रत्येक वेळी नव्या माणसासमोर स्वतःबद्दल सांगावं लागतं. पुढच्या पायऱ्या जिल्हा परिषदेच्या, अनुदानित आणि खाजगी शाळांतल्या मुख्याध्यापकांसाठी, वर्गशिक्षकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांसाठी आहेत.

आधी शब्द नीट समजून घ्या

जन्माच्या वेळी शरीर बघून नोंदवलेलं लिंग आणि मुलाला आतून जाणवणारी ओळख जुळत नसेल, तर त्याला पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणतात. सरकारी कागदांत 'तृतीयपंथी' हा शब्द जास्त दिसतो. पण 'मी मुलगाच आहे' किंवा 'मी मुलगीच आहे' असं सांगणाऱ्या कित्येक मुलांना 'तृतीय' हा शब्द बोचतो. तेव्हा धोरणात दोन्ही शब्द लिहा आणि प्रत्यक्ष मुलाशी बोलताना त्याचाच शब्द वापरा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. लावणीवर नाचणारा प्रत्येक मुलगा किंवा केस बारीक कापणारी प्रत्येक मुलगी पारलिंगी नसते. आपण निदान करायला बसलेलो नाही. कुठल्याही मुलावर शिक्का मारणं हे शाळेचं काम नाही, मग तो शिक्का कितीही प्रेमाने मारलेला असो.

पायरी १: कायदा एका पानावर लिहून समितीसमोर ठेवा

समितीत पहिला प्रश्न येतो, "आपल्याला हे करायचा अधिकार आहे का?" त्याचं उत्तर हातात असू द्या. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या म्हणजे 'नालसा' खटल्यात पारलिंगी व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. त्यानंतर तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं संरक्षण करणारा २०१९ चा कायदा आला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यातली तीन कलमं शाळेच्या थेट कामाची आहेत. कलम ३ शिक्षणसंस्थेत भेदभाव करायला बंदी घालतं. कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा असतो. कलम १३ सांगतं की शासनाचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने समावेशक शिक्षण द्यावं आणि खेळ व करमणुकीच्या संधीही भेदभावाविना द्याव्यात. मान्यता घेतलेली खाजगी शाळाही त्यात येते, हे वाक्य अधोरेखित करा.

शिवाय शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. केस वाढवले म्हणून प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर कात्री चालवणं या कलमात बसतं.

ओळख प्रमाणपत्राचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतात. त्याची गरज पडेल त्या दिवशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चालू नियम विचारून घ्या. पण शाळेतल्या रोजच्या वागण्यासाठी, म्हणजे हाक, स्वच्छतागृह आणि गणवेश यांसाठी, मुलाकडे कसलंही प्रमाणपत्र मागू नका. बाकीच्या एकाही मुलाला आपण बाथरूमला जाण्याआधी दाखला मागत नाही.

वरून आदेश येण्याची वाट बघत बसू नका. एनसीईआरटीने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी या विषयावर चांगली पुस्तिका काढली होती. आक्षेप आल्यावर ती काही दिवसांतच संकेतस्थळावरून उतरवली गेली. पुस्तिका गेली, वर्गातली मुलं वर्गातच होती.

पायरी २: नवी समिती काढू नका, आहे तिला काम द्या

शाळेत आधीच समित्यांची गर्दी आहे. महाराष्ट्रात मार्च २०२२ च्या शासननिर्णयाने शाळाशाळांत सखी सावित्री समिती आली. मुलांची सुरक्षितता हाच तिचा विषय आहे. धोरणाचा मसुदा तिने करावा आणि शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून तो मंजूर करावा. इतिवृत्तात ठराव क्रमांक आणि तारीख हवीच. मुख्याध्यापकांची बदली होते, इतिवृत्त कपाटात राहतं.

तक्रार अधिकारी म्हणून एका शिक्षकाचं नाव ठरावातच लिहा. ज्येष्ठता बघून नेमू नका. मुलं मधल्या सुट्टीत ज्यांच्याभोवती घुटमळतात, त्यांना नेमा.

पायरी ३: शाळा मुलगा-मुलगी कुठे कुठे करते ते मोजा

हे काम एका दिवसाचं आहे. एका शिक्षकाने वही घेऊन सकाळपासून फिरायचं आणि जिथे जिथे मुलं एकीकडे आणि मुली एकीकडे होतात, तिथे नोंद करायची. आम्ही केलं तेव्हा एका दिवसात सतरा नोंदी झाल्या. प्रार्थनेच्या रांगा, बाकं, हजेरीचा क्रम, बाक उचलायला मुलगे, वर्ग झाडायला मुली, पाहुण्यांच्या औक्षणाला मुली, सहलीच्या बसमधल्या जागा, आरोग्य तपासणी, कवायत, अगदी पोषण आहाराच्या पंगतीसुद्धा.

प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहा: ही विभागणी कशासाठी? उत्तर 'पहिल्यापासून आहे' असं आलं तर ती काढून टाका. रांग उंचीप्रमाणे लावता येते, हजेरी आडनावाच्या अक्षरक्रमाने घेता येते, झाडण्याची पाळी हजेरी क्रमांकाप्रमाणे येते. सतरातल्या अकरा विभागण्या आम्ही कुणाचंही नाव न घेता, कारण न सांगता मोडल्या. कुणी चकार शब्द काढला नाही. वर्ग झाडायला मिळालेले मुलगे दोन दिवस कुरकुरले तेवढंच.

एक चूक मात्र टाळा. मुलांची रांग, मुलींची रांग आणि त्या एकट्या मुलासाठी तिसरी रांग, असं कधीही करू नका. त्यापेक्षा काहीच न केलेलं बरं.

पायरी ४: मराठी क्रियापदांकडे लक्ष द्या

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजीतली मार्गदर्शनं वाचून इथे काहीच हाती लागत नाही. इंग्रजीत मुलाशी समोरासमोर बोलताना लिंग येत नाही. मराठीत ते जवळजवळ प्रत्येक वाक्यात येतं. आलास की आलीस, काय करतोस की काय करतेस, अरे की अगं. दिवसाच्या आठ तासिकांत मुलाला किती वेळा टोचत असेल, हिशेब करून बघा.

आधी ऐका. मूल स्वतःबद्दल 'मी विसरलो' म्हणतं की 'मी विसरले'? अर्थात तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. कोल्हापूरकडे कितीतरी मुली सर्रास 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. म्हणून एकांतात सरळ विचारा: "मी तुला हाक कशी मारू? वर्गातही तशीच मारू की फक्त आपण दोघंच असताना?" दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच गरजेचा आहे. काही मुलांना वर्गासमोर एवढ्यात काही उघड करायचं नसतं.

मुलाचं अजून ठरत नसेल किंवा वर्गासमोर ते तयार नसेल, तेव्हा मराठीच मदतीला येते. आज्ञार्थात लिंग नाही: ये, बस, वाच, फळ्यावर लिही. भविष्यकाळातही नाही: "पुढचा परिच्छेद वाचशील का?" 'तुला'ने सुरू होणाऱ्या वाक्यांत नाही: "तुला समजलं का?" भूतकाळात कर्म पुढे आणलं की क्रियापद त्या कर्माप्रमाणे चालतं: "गणित सोडवलंस का? कविता पाठ केलीस का? डबा खाल्लास का?" यात मूल कोण आहे त्याचा संबंधच येत नाही. अरे-अगं ऐवजी नाव घ्या. शिक्षकांच्या सभेत अर्धा तास ही वाक्यं मोठ्याने बोलून सराव करा. पहिल्यांदा जीभ अडखळते, आठवड्याभरात बसते.

मुलाच्या माघारी त्याला 'ते' म्हणू नका. 'मूल' या शब्दाबरोबर ते चालतं, पण पंधरा वर्षांच्या माणसाला नपुंसकलिंगात ढकललं की शिक्षकखोलीत हसू सुरू होतं.

चुकाल, मीही चुकले. "अगं, तू काल का नाही आलीस..." म्हणता म्हणता जीभ चावली. अशा वेळी "आलास" म्हणायचं आणि पुढच्या वाक्यावर जायचं. वर्गासमोर लांबलचक माफी मागितली की सगळ्या माना त्या मुलाकडे वळतात.

पायरी ५: स्वच्छतागृह

मुलाच्या ओळखीप्रमाणे असलेलं स्वच्छतागृह वापरण्याची मुभा धोरणात लिहा. त्याच्या जोडीला, आतून कडी लागणारं एक स्वच्छतागृह कुणालाही वापरता येईल असं उघडं ठेवा. 'कुणालाही' हा शब्द महत्त्वाचा. पोट बिघडलेलं मूल, पाळी आलेली मुलगी, लाजरं मूल, दिव्यांग मूल, सगळ्यांनी ते वापरलं की तिकडे जाणाऱ्याकडे कुणी बोट दाखवत नाही. दिव्यांग मुलांच्या सोयीला मात्र धक्का लागता कामा नये. रॅम्प आणि दांडी मोकळी ठेवा.

चारच गोष्टी तपासा: कडी लागते का, पाणी आहे का, दिवा लागतो का, आणि झाकणाची कचरापेटी आहे का. आत सॅनिटरी पॅड ठेवा. मुलगा म्हणून जगणाऱ्या पारलिंगी विद्यार्थ्याला पाळी आली तर तो बाईंकडे पॅड मागायला येणार नाही, घरी पळून जाईल. किल्ली कुणाकडे मागावी लागणार असेल, तर ते स्वच्छतागृह उघडं आहे असं म्हणू नका.

पायरी ६: गणवेश आणि केस

नियमात 'मुलांसाठी', 'मुलींसाठी' असे मथळे न देता कपड्यांची यादी द्या. नमुना: "शाळेचा गणवेश: ठरलेल्या रंगाचा शर्ट किंवा कमीज, आणि पॅन्ट, सलवार किंवा स्कर्ट. विद्यार्थी यांपैकी कुठलाही पर्याय निवडू शकतो." केसांसाठी एक ओळ पुरे: "केस स्वच्छ असावेत, लांब असल्यास बांधलेले असावेत." केरळातल्या कोळिकोड जिल्ह्यात बालुश्शेरीच्या सरकारी मुलींच्या शाळेने डिसेंबर २०२१ मध्ये अकरावीच्या वर्गांना शर्ट-पॅन्टचा एकसारखा गणवेश दिला. मला स्वतःला सक्तीच्या एकाच कपड्यापेक्षा निवड देणं बरं वाटतं. सलवार-कमीजच घालायची आहे अशी मुलंही शाळेत असतात.

पायरी ७: नाव आणि कागद

इथे दोन थर वेगळे करा, म्हणजे निम्मा गोंधळ संपतो.

पहिला थर शाळेच्या हातातला. वर्गातली हाक, वह्यांवरचं नाव, ओळखपत्र, स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका, शाळांतर्गत स्पर्धेचं प्रशस्तिपत्र, शिक्षकाची रोजची वही. इथे मुलाने सांगितलेलं नाव वापरायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. ज्या वस्तू घरी जातात त्यांवर कुठलं नाव हवं ते मात्र मुलाला विचारा. घरी माहीत नसेल तर ओळखपत्रावरचं नाव त्याला संकटात टाकू शकतं.

दुसरा थर जनरल रजिस्टरचा. त्यावरूनच शाळा सोडल्याचा दाखला निघतो आणि बोर्डाचा अर्ज भरला जातो. या नोंदी मुख्याध्यापक आपल्या मनाने बदलू शकत नाहीत, शिक्षणाधिकारी कार्यालयाची मंजुरी लागते. पालक तयार असतील तर दहावीचा अर्ज भरण्याच्या बऱ्याच आधी, आठवीतच, हे काम हाती घ्या. राजपत्रातला नावबदल, आधार आणि मग शाळेची नोंद, प्रत्येक ठिकाणी महिने जातात. अज्ञान मुलाचे अर्ज पालकांच्या सहीने होतात हेही लक्षात असू द्या.

नोंद बदललेली नसेल आणि मुलाचं दिसणं बदललेलं असेल, तर परीक्षाकेंद्रावर खोळंबा होतो. मुख्याध्यापकांनी केंद्रसंचालकांना आधी भेटून पत्र द्यावं: हा आमचाच विद्यार्थी आहे, ओळख पटवणं आणि झडती खाजगीत व्हावी. पहिल्या पेपरच्या दिवशी त्याच्याबरोबर एक शिक्षक जावा.

पायरी ८: घर

सगळ्यात नाजूक पायरी ही, आणि इथे सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूनेच होतं. मुलाने विश्वासाने सांगितलं की त्याच संध्याकाळी वर्गशिक्षक पालकांना फोन करतात. करू नका. आधी मुलाला विचारा: घरी कुणाला माहीत आहे? कळलं तर काय होईल? कुणाला सांगितलेलं चालेल? बहुतेक घरांत एक तरी माणूस असतं, मोठी ताई, मामा, आजी. सुरुवात तिथून करा, आणि मूल म्हणेल तेव्हाच.

मात्र 'मी कुणालाही सांगणार नाही' असं वचनही देऊ नका. मूल स्वतःला इजा करण्याच्या विचारात असेल किंवा त्याच्यावर अत्याचार होत असेल, तर गप्प राहता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाला पहिल्याच भेटीत सांगा: "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मदत बोलवावी लागेल. बाकी सगळं तुला विचारून." घरातून हाकललं, मारहाण झाली तर मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर फोन करा आणि बालकल्याण समितीपर्यंत जा.

पालक येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा "हे बरं होईल ना?" असा असतो. घाईने भाषण देऊ नका, त्यांना रडू द्या, चहा द्या. मग सांगा की हा आजार नाही. कुणी डॉक्टर 'सरळ करून देतो' म्हणत असेल, तर असं करणं व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलेलं आहे. आमच्या दक्षिण महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे. मुलगा बायकी वागतो म्हणजे देवीचा कौल आहे असं समजून त्याला जोगता म्हणून, म्हणजे देवीला वाहून, सोडलं जातं आणि शाळा सुटते. घरच्यांच्या श्रद्धेवर वार करू नका, पण एक गोष्ट ठामपणे धरा: शाळा सुटता कामा नये. समुपदेशकाची गरज वाटली तर मुंबईत १९९४ पासून काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टकडे विचारा.

आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्या मुलाबद्दल एक अक्षरही नको. माहिती ज्याला कामासाठी लागते त्यालाच, तीही तोंडी.

पायरी ९: चिडवणं

'बायल्या', 'छक्का', 'मामू'. हे शब्द धोरणात जसेच्या तसे लिहा. 'अपशब्द वापरू नयेत' असं लिहिलं की मुलं म्हणतात, आम्ही कुठे शिवी दिली? पहिल्या वेळी शिक्षकाने तिथल्या तिथे थांबवायचं आणि नंतर एकट्याला बोलवून बोलायचं. दुसऱ्या वेळी तक्रार नोंदवहीत नोंद आणि पालकांना बोलावणं. अंगाला हात लागला तर थेट तक्रार अधिकारी, पंधरा दिवसांत चौकशी पूर्ण आणि लेखी निर्णय. चिडवलेल्या मुलाची तुकडी बदलू नका, ती त्यालाच शिक्षा होते.

शब्द शिक्षकाच्या तोंडून निघाला तरी नोंद तीच, त्याच वहीत. हे कलम मंजूर होताना सभेत खळखळ होते. मागे घेऊ नका.

खेळ, सहल, तपासणी

शाळांतर्गत खेळांत मुलाला त्याच्या ओळखीच्या संघात खेळू द्या. तालुका-जिल्हा स्पर्धांचे नियम वेगळे असतात, ते नाव देण्याआधी क्रीडा अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, म्हणजे मैदानावर अपमान होणार नाही. मुक्कामी सहलीत झोपण्याची व्यवस्था आठवडाभर आधी मुलाशी बोलून ठरवा. आरोग्य तपासणी पडद्याआड आणि एकेकाची.

शाळा बदलताना

दहावी झाली किंवा वडिलांची बदली झाली, की मूल पुन्हा अनोळखी शाळेच्या दारात उभं राहतं. दाखला देण्याआधी त्याच्याबरोबर बसा आणि विचारा: नव्या शाळेत आधीच कळवू का? कुणाला, आणि किती? काही मुलांना नव्याने, काहीही न सांगता सुरुवात करायची असते. तसं असेल तर एक ओळही पाठवू नका. हो म्हटलं तर पत्र त्याच्यासमोर लिहा, त्याला वाचायला द्या, त्याने खोडलेलं वाक्य खोडा आणि पाकीट बंद करून त्याच्याच हातात द्या. माझ्या त्या विद्यार्थ्याने पत्रातली तीन वाक्यं काढायला लावली आणि एक घालायला सांगितलं: "पाण्याची बाटली सोबत असते."